साहेब आत अडकले, त्याबद्दल

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे). भावोजींचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळं ठीक, फक्त ठकीची पोटदुखी सोडून. तुझी भाची सकाळी दप्तर पाठीला लावलं की पोट धरून बसते आणि सुट्टीच्या दिवशी ठणठणीत असते. डॉक्टरांनी हात टेकले. वर्गात तर ती ब्र काढत नाही म्हणे. काळजीने माझा जीव टांगणीला लागला आहे.

परवा ती अशीच हटून बसली, म्हणून तिला सोबत घेऊनच खेड्यातल्या शाळा तपासायला निघालो. तिकडे हल्ली नवी पद्धत आली आहे. आधी धडा नाही, आधी अडचण. खरीखुरी अडचण मुलांपुढे टाकायची, ती सोडवता सोडवता गणित-विज्ञान जे लागेल ते त्यांनी शिकायचं, आणि शिकवणाऱ्याने उत्तर मुळीच सांगायचं नाही. (पहिल्या शाळेत मी मुख्याध्यापक कुठे आहेत असं विचारलं, तर तिथले गुरुजी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?")

दुसऱ्या शाळेत चहा जरा जास्त झाला. मागच्या अंगाला पत्र्याच्या दाराचं स्वच्छतागृह आहे, तिथे गेलो, कडी लावली आणि ती बसली रुतून. काही केल्या हलेना. हाका मारल्या. बाई धावत आल्या, मला हायसं वाटलं, पण त्यांनी टाळ्या वाजवून अख्खा वर्ग गोळा केला आणि म्हणाल्या, "मुलांनो, साहेब आत अडकलेत. काय करूया?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर गट पडले. एका गटाने आतली हवा मला किती पुरेल याचा हिशेब मांडला (वर भलामोठा झरोका आहे, हे मी ओरडून कळवलं). मग दुसऱ्याने माझ्या पोटाचा घेर विचारला, झरोक्याच्या मापाशी ताडून पाहिला आणि तो मार्ग एकमताने रद्द केला. शेवटी मीच ओरडलो, "अरे, त्या बिजागरीचा खिळा..." तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दरडावलं, "बाबा, उत्तर सांगायचं नाही!"

ताई, ती ठकी होती. मग तिने त्या पोरांशी तावातावाने भांडायला सुरुवात केली. बिजागरी बाहेरच्या बाजूला आहे, खिळा खालून ठोकला तर वर येईल, येणार नाही म्हणजे काय, आण तो दगड. तिला इतकं बोलताना मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मी मुकाट्याने पालथ्या बादलीवर बसलो आणि माझे डोळे भरून आले. दार निघालं तेव्हा माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही, सगळे दाराभोवती नाचत होते.

बाकी क्षेम. भावोजींना जपायला सांग.

तुझा धाकटा भाऊ
(कचेरीत आता 'कडीसाहेब')

ता.क. ठकीला त्याच शाळेत घालायचं मी ठरवलं आहे. पण तुझ्या भावजयीला हे सांगायची माझी छाती नाही. खेड्यातली शाळा म्हटलं की ती घर डोक्यावर घेईल. ती ऐकते फक्त तुझं, तेव्हा चार दिवस राहायला ये. मात्र उत्तर सांगू नकोस, तिच्यापुढे नुसती अडचण मांड.

आणखी एक. ठकीचा आवाज ऐकला, त्यानंतर थोड्याच वेळात कडी सुटली होती. मी ती हळूच परत लावली. हे तिला कधीही सांगू नकोस.