पिवळी गाडी पांढरी केल्याबद्दल

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नुसता कागदावरचा नाही. माझ्या गाडीतून उतरताना आधी हात जमिनीला टेकतात, मग गुडघे, आणि सगळ्यात शेवटी माणूस बाहेर येतो. त्यामुळे गेली तीन वर्षं मी दिवसातून दोनदा कुणाला ना कुणाला साष्टांग घालतोच आहे.) तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळ्या वेळेवर घेता ना? घेत नसाल तर आजची घेऊन, खुर्चीत नीट बसून मग पुढचं वाचा. खरं तर फोनच करणार होतो; पण फोनवर तुम्ही बोलता आणि आम्ही ऐकतो, आणि आजचा मजकूर शेवटपर्यंत सांगून होणं फार जरुरीचं आहे.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं हे तुम्हाला कळलंच आहे. पुढचं कळलेलं नाही, कारण तिनं कळवू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय की आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात येऊन व्यायाम करायचा, दोन महिने, चुकवायचा नाही. नाहीतर गुडघा आज जेवढा वाकतोय तेवढाच जन्मभर वाकेल. आता हॉस्पिटलात जायचं तर घरात गाडी एकच, माझी ती दोन दारांची स्पोर्ट्स कार. (ती घेतली तेव्हा तुम्ही फाटकातच उभं राहून, ही गाडी आहे की चप्पल, असं विचारलं होतं आणि आत बसायला साफ नकार दिला होता. तेव्हा मला राग आला होता. तो मी या पत्रानं मागे घेतो.) पहिल्या दिवशी आई आत बसली, म्हणजे पडली म्हणा, पण हॉस्पिटलच्या दारात तिला बाहेर काढायला दोन वॉर्डबॉय, मी आणि दुसऱ्याच कुठल्यातरी पेशंटचा जावई असे चौघं लागलो. बघायला माणसं जमली. तेव्हापासून ती त्या गाडीत बसत नाही. टॅक्सी आणली तर म्हणते, दारात स्वतःची गाडी उभी असताना भाड्याची गाडी, लोक काय म्हणतील? अशानं पाच वेळा व्यायाम बुडला. रात्री ती पाय सरळ करताना तोंड दाबून धरते, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. तेव्हा ठरवलं की ही गाडी विकायची आणि चार दारांची, उंच, साधी, सभ्य माणसाची गाडी घ्यायची.

इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं. पण आमच्या ऑफिसात एक सर्वज्ञ आहेत. (त्यांच्याकडे स्वतःची सायकल आहे.) ते म्हणाले, पिवळी गाडी कोण घेतंय, पांढरी करा, हातोहात जाईल. बायको म्हणाली, आहे त्या रंगाला हात लावू नका. मी बायकोसमोर मान डोलावली आणि गाडी रंगाऱ्याकडे नेली. रंगारी मोठा कलावंत माणूस. त्यानं तीन आठवडे घेतले, आणि रंग असा सुरेख दिला की मी दोनदा माझ्याच गाडीपुढून तिला न ओळखता चालत गेलो. फक्त दारांच्या कडा आणि बॉनेटची नि डिकीची आतली बाजू त्यानं पिवळीच ठेवली. विचारलं तर म्हणाला, साहेब, आत कोण बघतंय?

मामा, सगळे बघतात. आत सोडून दुसरीकडे कुणी बघतच नाही. दार उघडलं की गाडी थेट अर्ध्यात कापलेल्या उकडलेल्या अंड्यासारखी दिसते. कागदावर रंग बदलून घ्यायला वाहन कार्यालयात गेलो, तर तिथला कारकून बाहेर आला, गाडीला एक फेरी मारली, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, आणि मला अगदी मनापासून विचारता झाला की नक्की कोणता रंग लिहू.

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिल्यानं बॉनेट उचललं, आत पिवळं बघितलं आणि विचारलं, ॲक्सिडेंट कधी झाला? झालाच नाही म्हटलं. मग रंग का दिला? खरं ते सांगितलं, की पिवळी विकली जात नाही असं ऐकलं म्हणून पांढरी केली. तर म्हणे, मग आता पांढरी का विकली जात नाहीये? आणि लगेच त्यानं किंमत उतरवली. दुसरा खिशात लोहचुंबक घेऊनच आला होता, रंगाखाली कुठे पोचा बुजवायला लांबी भरली आहे का बघायला (लांबीवर चुंबक चिकटत नाही). चुंबक सगळीकडे चिकटला, तरी त्याचा विश्वास बसेना. इतक्या सफाईनं बुजवली म्हणजे फारच मोठा ॲक्सिडेंट असणार, असं त्याचं मत पडलं. मी जितक्या शपथा घेतल्या तितकी किंमत खाली आली, ती निम्म्यावर येऊन थांबली. आणि तिसरा, मामा, तो तर आठ महिने पिवळीच गाडी शोधत होता. त्यानं दार उघडून आतला पिवळा रंग पाहिला, बोट फिरवलं, आणि आजारी माणसाच्या खोलीचं लावावं तसं दार हलकेच लावून निघून गेला. बायको खिडकीत उभी होती. तिच्या चेहऱ्याचं मी इथे वर्णन करत नाही.

त्या रात्री मी विचार केला की लोकांना ॲक्सिडेंटच हवा असेल तर आपण तरी किती दिवस नाही म्हणायचं? एक देऊन टाकावा. छोटासा, घरगुती, कुणालाही न लागलेला. मी चालवत होतो म्हणावं तर लोक वेगाचा संशय घेणार. म्हणून एक वयस्कर गृहस्थ गाडी हळूहळू मागे घेत होते आणि फाटकाच्या खांबाला टेकली, असं ठरवलं. चौथं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर निघाले. त्यांनी टॉर्चचा उजेड पाडून, बोटाच्या पेरानं एकेक पत्रा ठोकून बघितला आणि विचारलं. मी मान खाली घालून कबूल केलं. काय सांगू, माणसाचा चेहराच खुलला! दुखरी दाढ अखेर पेशंटनं दाखवली अशा समाधानानं त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गाडी त्यांना पसंत आहे. किंमतही ती पिवळी असताना आली असती तेवढी द्यायला तयार आहेत. एक बारीकशी अडचण आहे, पण ती लिहून तुम्हाला त्रास द्यावा अशी नाही.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा.

तुमचा, हे पत्र संपेपर्यंत तरी लाडका,
भाचा

ता. क. ती बारीकशी अडचण अशी. डॉक्टरांनी विचारलं की हे वयस्कर गृहस्थ कोण? मी कुणाचंही नाव घेऊ शकलो असतो. सासऱ्यांचं आलंच होतं ओठावर, पण बायको शेजारी उभी होती. तोंडातून निघून गेलं, ‘माझे मामा.’ पुढे ते म्हणाले, त्यांना या वयात नीट चालवता येत नसेल. इथे माझं रक्त उसळलं. म्हटलं, नीट? चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलंय त्यांनी, गाडीवर एक ओरखडा नाही! (खांबाचं मला नंतर आठवलं.) त्यांनी स्कूलचं नाव विचारलं, मी अभिमानानं सांगितलं, आणि डॉक्टर हातातला टॉर्च तसाच धरून मटकन फुटपाथवर बसले. ते तुमचे विद्यार्थी, बावीस वर्षांपूर्वीचे. तुम्ही त्यांना भर चौकात गाडीतून उतरवून, तुला गाडी नको, हातगाडी घे, असं सांगून पायी घरी पाठवलं होतं. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. आजही पेशंटच्या तोंडात तो छोटा आरसा धरला की त्यांना तुमचा आवाज ऐकू येतो, ‘आरशात बघ! अरे, आरशात!’

ता. क. दुसरा. ते पूर्ण किंमत देतील ती एकाच अटीवर. तुम्ही गाडी ठोकलीत हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. रविवारी दहा वाजता मी त्यांना घेऊन तुमच्याकडे येतोय. तुम्ही फक्त ‘मागे घेताना ठोकली’ एवढं म्हणायचं. खांबाचा दोष होता असं सांगायचं नाही. आणि शनिवारी संध्याकाळी तुमच्या फाटकाच्या डाव्या खांबाचा गुडघ्याएवढ्या उंचीवर एक टवका हातोडीनं उडवता आला तर बरं होईल. मामा, मला लाज वाटते हे लिहिताना. तुमच्या चाळीस वर्षांत तुम्हाला या एका गोष्टीचा अभिमान आहे आणि मी तीच मागतोय. नाही म्हणालात तर मी एक अक्षर बोलणार नाही. पण आईचा गुडघा रोज थोडा थोडा आखडतोय आणि मला दुसरं काही सुचत नाही. तुमचा पिनकोड विचारायला गेलो तर आईनं पत्र हातातून काढून घेऊन सगळं वाचलं. आता तिलाही खाली काहीतरी लिहायचंय, आणि ते मी बघायचं नाही अशी तिची अट आहे.

ता. क. तिसरा. दादा, मी लिहितेय. एक्केचाळीस वर्षं मी हे कुणाला बोलले नाही, याच्या बाबांनाही नाही. याच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा घरात तू एकटाच होतास, आणि तू गाडी सरळ दवाखान्याच्या पायऱ्यांवर चढवलीस. बंपर तिथेच राहिला. मला शपथ घातलीस. मग आठ दिवसांत तुझी करडी गाडी निळी झाली आणि तू सगळ्यांना सांगत सुटलास की ड्रायव्हिंग स्कूल काढायचंय, म्हणून मुद्दाम हा रंग दिला. मला त्याचा कधी राग आला नाही. मला उतरवायचं सोडून तू स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होतास, एवढा माझ्यासाठी घाबरला होतास. तेव्हा खांबाला हातोडी लावू नकोस आणि खोटंही बोलू नकोस. त्या डॉक्टरला सांग, ठोकली, बहिणीसाठी ठोकली. रविवारी मीही येतेय, याच्याच गाडीतून. मला उतरवून घ्यायला ये, आणि या वेळी रडू नकोस.