दारातले बूट

एजवेअर, शनिवार, २० सप्टेंबर २००८

नेहा उद्या मिल्टन कीन्सला राहायला जाणार. नोकरी हे निमित्त. मला ते कळत नाही, असं तिला वाटतं.

जेवताना हिने लेकीला विचारलं, युनिव्हर्सिटीत ते चिनी तत्त्वज्ञान शिकून मिळालं काय?

"आई, मोडलेलं राज्य कसं सावरायचं, यावर ते सगळे भांडायचे. कन्फ्यूशियसवाले म्हणायचे, नाती आणि रीत सांभाळा. लीगलिस्ट म्हणायचे, रूल्स आणि पनिशमेंट. ताओवाले म्हणायचे, उगाच ढवळू नका."

"आणि आपल्या घरात?"

"बाबा लीगलिस्ट. त्याला दारातले बूटपण लाइनीत लागतात."

मीही हसलो. दुकान उभं केलं ते शिस्तीवरच. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "यातलं काय केलं असतं, तर तू थांबली असतीस?"

तिने खरंच विचार केला. "कशानेच नाही, बाबा."

प्रेमाने म्हणाली, तेच लागलं. गिऱ्हाईक भांडतंय तोवर सौदा जिवंत असतो.

आत्ता वर तिच्या बॅगेची चेन लागली. माझे कान नको इतके तिखट. दारात गेलो, तिचे बूट वेडेवाकडे पडलेत. सरळ करायला वाकलो, आणि तसेच राहू दिले.

उद्यापासून रांग सरळच राहील.