डाव्या बाजूचा रंग

अंबरनाथ (पूर्व),
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय किसन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. कंपनीत माझ्या डिस्पॅचच्या चिठ्ठ्या वाचताना तू म्हणायचास, "मध्या, मुंगी शाईत बुडून कागदावर चालली काय रे?" अकरा वर्षांत मुंगी काही सुधारलेली नाही. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच. मी गाडीला पुन्हा रंग काढला.

हो, तीच फियाट. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून ती दारात नुसती उभी होती. उमा, म्हणजे माझी बायको, तू तिला पाहिलेलं नाहीस, ती म्हणाली, एक तर हिला भंगारात द्या, नाहीतर माणसात आणा. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो. म्हटलं, एकदा दोघांनी केलंय, आता एकट्याने करू. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरून वॉटर पेपरने घासायला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी बोटांची सालं निघाली. पण खरं सांगू, बोटांपेक्षा गप्प बसून घासण्याचाच जास्त त्रास झाला. तू असताना आपण कंपनीतल्या प्रत्येक साहेबाची नक्कल करत घासायचो, आणि दार कधी गुळगुळीत झालं ते कळायचंही नाही.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात आपल्याजवळ उत्साह सोडून दुसरं काय होतं? बाबांनी घेतलेली ती तिसऱ्या हाताची गाडी मुळात कुठल्या रंगाची, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. तू कंपनीत मशीनना स्प्रे मारायचास, म्हणून मी तुझ्या गळ्यात पडलो. उल्हासनगरच्या त्या सिंधी शेठशी तू तासभर घासाघीस केलीस आणि कुणीतरी टेम्पोसाठी बनवून घेऊन न नेलेला पिस्ता रंग उचललास. "ले जा साईं, दुकान भी ले जा," म्हणत त्याने डबे पुढे सरकवले होते. बंपर आणि दारावरच्या पट्ट्या निकलवाल्याकडे टाकायची ऐपत नव्हती. तेव्हा तू मला पानवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटांतला चांदीचा कागद गोळा करायला लावलास. तो पाण्यात बुडवून घासला की गंज काळा होऊन निघायचा आणि खालचं क्रोम वर यायचं. माझ्या खिशात तो कागद सापडल्यावर आई दोन दिवस माझ्या तोंडाचा वास घेत होती. परवा बंपर तसाच घासला. पानवाल्याचा मुलगा आता ठेल्यावर बसतो, त्याला वाटलं मला वेड लागलंय.

उजवी बाजू माझी आणि डावी तुझी, अशी आपली वाटणी होती. तू दारावरच्या पट्ट्या काढून त्यांच्या खालीसुद्धा रंगाचे तीन हात मारलेस. मी म्हटलं, पट्टी बसल्यावर कोण बघतंय? तू म्हणालास, "दिसत नाय तिथंच पयला गंज लागतो, मध्या." मी तुला मास्तर म्हणून चिडवलं आणि माझ्या बाजूच्या पट्ट्या न काढताच रंग मारला. आता त्या काढल्या तर पट्टीबरोबर पत्र्याच्या खपल्या हातात आल्या. एका भोकातून तर आतली सीट दिसली. मग तुझ्या बाजूची पट्टी काढली. खाली पिस्ता जसाच्या तसा होता, डबा उघडला त्या दिवशी होता तसा. मी पाना हातात धरून पायरीवर बसलो. उमाने विचारलं, काय झालं? म्हटलं, थिनर डोळ्यांत गेलं.

तुझ्या बाजूला मी रंग लावलेला नाही, नुसतं पॉलिश केलं. उन्हाने ती जरा फिकी झालीय, त्यामुळे गाडी दोन्हीकडून दोन दिसते. उमा म्हणते, अर्धी बर्फी ताजी, अर्धी शिळी. म्हणू दे.

इतका वेळ रंग आणि गंज करत बसलो ते त्या रविवारबद्दल लिहायचं टाळायलाच. काम संपलं आणि पहिली फेरी शिवमंदिराला ठरली. पूजा-बिजा तुमच्या घरात नाही. तुझ्या वडिलांनी, शिवरामकाकांनी, छप्पन सालीच देव्हारा नदीत सोडला, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. तरी त्या दिवशी तू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून झेंडूचा हार घेऊन आलास आणि बॉनेटला स्वतः बांधलास. म्हणालास, "देवळात नाय येनार मी, भायेर थांबतो. पन गाडीतनं येतो." आई, काकू आणि बाबा मागे बसले होते. बाबांनी काच खाली करून सांगितलं, "किसन, गाडी भरली रे. तू पुढच्या खेपेला." तू "बरं साहेब" म्हणालास, बॉनेटवरचा स्वतःच्या बोटांचा डाग रुमालाने पुसलास आणि बाजूला झालास. मी गाडी सुरू केली. पुढची खेप झालीच नाही. महिन्याभरात तू नाशिकची नोकरी धरलीस. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं तुझं घर बसने वीस मिनिटांवर, पण तिथे जायला मला कधी सवड झाली नाही. सवड होती. तोंड नव्हतं.

मागच्या रविवारी गेलो. तुझ्या आईने, सुंदरामावशींनी, मला दारातच ओळखलं, चहा केला, तुझा पत्ता दिला. त्यांचे गुडघे फार धरलेत, किसन. एसटी चढवत नाही, म्हणून नातवाला अजून पाहिलं नाही म्हणाल्या. मग दाराबाहेर वाकून बघत त्यांनी विचारलं, "गाडी नाय आणली व्हय रं? किसन म्हनायचा, आये, येकदा तुला बसवून फिरवतो." पट्ट्या बसवायच्या राहिल्यात, एवढंच म्हणालो.

आता बसवल्या आहेत. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, मी मावशींना घेऊन नाशिकला येतोय. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी लगेच पिशवी भरायला घेतली. गाडी कसारा घाट चढणार नाही असं उमाला वाटतं, चढेल. मावशी मागे पाय पसरून बसतील, साहेबासारख्या. आणि एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तुला ती सांगायची गरज नाही, तू काचेतून पाहिलीच होतीस. त्या दिवशी गाडी भरलेली नव्हती. पुढे माझ्या शेजारच्या सीटवर, तू रंगवलेल्या दारामागे, आईचं पूजेचं ताट होतं, बस्स. ते काकूंच्या मांडीवर सहज मावलं असतं. ते तिथे का ठेवलंय हे तुला कळलं, मलाही कळलं, आणि कळूनसुद्धा मी गिअर टाकला. इतकी वर्षं मी बाबांचं नाव पुढे करून सुटत आलो, पण स्टिअरिंगवर मी होतो. माफी पत्रात मागणार नाही, समोर उभा राहून मागेन, मग तू काय ते ठरव. तुझी फार आठवण येते रे. तुझ्यासारखा मित्र मला पुन्हा मिळाला नाही. रविवारी गाडी तुझ्या दाराशी लागेल. मावशींना हात देऊन उतरवेन, हॉर्न वाजवणार नाही. वाटलं तर बाहेर ये, एक चक्कर मारू. पुढच्या सीटवर काही ठेवलेलं नसेल.

तुझाच,
मध्या