तळ्यावरची मोटर आणि माझा विटाळ

अप्पा,

झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं, पौष महिना. मुरुमजवळच्या तळ्यावर हैदराबादेहून मोठे साहेब बदकांच्या शिकारीला आले होते.
२. तळ्यावरच्या सरकारी नावेची मोटर तुमच्या ताब्यात होती. पहाटे दोरी ओढून ओढून तुमचे हात भरून आले, ती सुरू झाली नाही.
३. साहेबांची व्यवस्था पाहणाऱ्या पेशकारांनी, म्हणजे कचेरीच्या कारभाऱ्यांनी, विचारलं, काल मोटरीला कुणी हात लावला होता.
४. चौकीदार म्हणाला, मिस्तरीच्या पोरीनं, आणि ती विटाळाची आहे. त्याच्या बायकोनं मला घाटावर कपडे धुताना पाहिलं होतं.
५. तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब, तिचाच हात लागला असंल."

हात लागला होता, हे खरं. आदल्या संध्याकाळी मोटर फडक्यानं पुसून तिच्यावर गोधडी मीच टाकली होती. पण त्यामुळं मोटर बंद पडली, हे खोटं, आणि ते खोटं आहे हे त्या काठावर दोघांनाच माहीत होतं. तुम्हाला आणि मला.

लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं. मोटर पेट्रोलवर सुरू करायची आणि तापली की घासलेटवर घ्यायची, असं तुम्ही बसवलं होतं. तापल्या इंजिनात घासलेट जळतं, गार इंजिनात त्याची वाफ होत नाही. म्हणून संध्याकाळी काठ जवळ आला की घासलेटची तोटी बंद करायची आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं घासलेट संपून मोटर आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायची. सकाळी रिकाम्या वाटीत पेट्रोल सोडायचं. हे मला तुम्हीच शिकवलंत. "घासलेट वाटीत झोपलं की सकाळी उठत न्हाय," असं म्हणायचात. त्या संध्याकाळी साहेबांचं सामान आलं, तंबू लागायचे होते, तुम्ही घाईत मोटर तशीच बंद केलीत. पहाटे दोरी ओढून मोटर सुरू होईना तेव्हा तुम्ही प्लग काढला, नाकाशी नेला. मी कंदील धरून शेजारी उभी होते. घासलेटचा वास मलाही आला. तुम्ही प्लग धोतराला पुसलात आणि परत बसवलात. पेशकारांचा प्रश्न आला तो त्यानंतर. म्हणजे उत्तर देताना तुम्हाला खरं कारण ठाऊक होतं.

त्याच्या दोनच महिने आधीची गोष्ट. मी पहिल्यांदा बाजूला व्हायची वेळ आली. अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. शेजारणीच्या धाकानं ती म्हणाली, "पोरगी चार दिस ओट्यावर बसू द्या. लोकं काय म्हणतील?" तुम्ही पाटावर बसला होता. तुम्ही मला हाक मारलीत, शेजारचा पाट सरकवलात आणि अव्वाला म्हणालात, "तिच्या गळ्यात लिंग हाय. आपल्यात विटाळ न्हाय. वाढ तिला." अव्वानं वाढलं. मी तुमच्या ताटाला ताट लावून जेवले. गावातल्या एकाही मुलीला असा बाप नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. चुलीपुढं बोलायला सोपं होतं, अप्पा. तिथं ऐकायला कुणी साहेब नव्हता.

तळ्याच्या काठावर मग काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पेशकारांनी गोमूत्र मागवलं, नारळ मागवला. चौकीदार म्हणाला, "मिस्तरी, पोरीला चूल दावा, मशीन कशाला दावता?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. साहेब बंदूक मांडीवर घेऊन ताटकळले होते. "पेशकार, बतखें आपकी पूजा के लिए रुकेंगी?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आणखी हसले. मोटरीवर गोमूत्र शिंपडलं गेलं. माझ्यावरही. तोवर ऊन वर आलं होतं, इंजिनाचं पितळ आणि लोखंड तापलं होतं, तुम्ही वाटी हळूच उपडी करून पेट्रोल सोडलं होतंत. दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला मोटर सुरू झाली. काठावर सगळ्यांनी हात जोडले. एक ओली वाटी आणि दोन घटका ऊन, एवढ्यावर त्या तळ्याकाठी नियम झाला, की बाईनं मोटरीला शिवायचं नाही. तो नियम तुम्ही घरातही पाळलात. माझ्या हातातला पाना काढून घेतलात आणि कारण सांगितलं नाहीत. शिकारीच्याच दिवशी संध्याकाळी मात्र तुम्ही तोटी वेळेवर बंद केलीत. मी घाटावरून ऐकत होते. मोटर अडखळली, थांबली. तुम्ही एकदाही वर पाहिलं नाहीत.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात. त्यानंतर मी शिकले. मामांनी शिकवलं, भांडून शिकले. आता पाटबंधाऱ्याच्या वर्कशॉपात इंजिनिअर आहे. या आठवड्यात एका तलावावरून तशीच जुनी मोटर आली. तिच्याबरोबर आलेला नावाडी म्हणाला, "बाई, हिला थंडी वाजती. ऊन खाल्ल्याबिगर उठत न्हाय." मी प्लग काढून हुंगला. तोटी कधी बंद करता, विचारलं. "काठाला लागून मोटर बंद केल्यावर," तो म्हणाला. मी त्याला काठाआधी बंद करायला शिकवलं. आमचे हेडफिटर म्हणाले, "ही युक्ती कुठं शिकलात?" मी म्हणाले, "कॉलेजात." कॉलेजात असलं कुणी शिकवत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

तुमची नोकरी गेली असती, हे मला कळतं. "माझ्याकडनं तोटी राहिली" एवढं म्हणाला असतात तर साहेबांसमोर पेशकारांनी तुम्हाला हाकललं असतं. घरात आम्ही पाच तोंडं. हा हिशेब मी तुमच्या बाजूनं बसून अनेकदा केला आहे आणि तो बरोबर येतो. तरी राग जात नाही. माझ्याकडं एकदा पाहिल्यानं नोकरी जाणार नव्हती. दुपारी घरी येऊन, अव्वासमोर, दार लावून, "चूक माझी होती" म्हटल्यानंही जाणार नव्हती. तुम्ही ते तेव्हा म्हणाला नाहीत, मरतानाही म्हणाला नाहीत. मी उशाशी बसून वाट पाहत होते.

एक सांगून ठेवते. पेशकारांना उत्तर देण्याआधी तुम्ही माझ्याकडं वळून नुसतं "तुझं नाव सांगू का?" विचारलं असतंत, तर मी हो म्हणाले असते. गोमूत्रही अंगावर घेतलं असतं. कुणाला कधी बोलले नसते.

मग का विचारलं नाहीत? मोटर सोमवारी परत जाते. त्याआधी उत्तर द्या.