दयारामभाऊंच्या धुऱ्यावरचं तण

तीर्थरूप इंद्रभानमामांस पुष्पांजलीचा दंडवत. (कंबर वाकत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्या.) लेकीकडे दुसरबीडला तुमचा गुडघा काय म्हणतो? फोन केला असता, पण तुमची राखी स्पीकर लावते आणि सगळी आळी ऐकते. तुमच्या गावी, वरवट बकालला, मला टेम्पोत घालून दवाखान्यात नेल्याचं तिकडे पोचलंच असेल. खरं काय झालं ते ऐका.

मी वनस्पतीशास्त्र घेतलं तेव्हा आई म्हणाली होती, "गवत पाहाले कॉलेज कायले? आपल्या वावरात कमी हाये का?" पुढे मला पाहायला आले, तेव्हा सासूबाईंच्या चपलेजवळ दुधी तणाची एक वेगळीच जात दिसली म्हणून मी खाली वाकले. त्यांना वाटलं, पोरगी पाया पडते. लग्न तिथंच ठरलं. (ज्ञानेश्वररावांना हे अजून सांगितलेलं नाही.) नांदुऱ्याच्या कॉलेजात मी विभागप्रमुख झाले, विभागात मी एकटीच. सातपुड्याचे डोंगर पालथे घातले, लोक मला कधी वैदू समजले, कधी गुप्तधन शोधणारी. पण कुणाच्याच पुस्तकात नाही असं एकही झाड माझ्या हाती लागलं नाही, आणि येत्या उन्हाळ्यात मी रिटायर होणार.

अन् गेल्या आठवड्यात तुमच्या वावराला लागून असलेल्या दयारामभाऊंच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, ते दिसलं. बोटभर उंच, फूल मोहरीएवढं. भिंग घेऊन मी पालथी पडले. रस्त्यावरून जब्बारभाईंनी टेम्पोतून पाहिलं आणि बाईनं फवारणीचं औषध घेतलं म्हणून गाव गोळा केलं. त्या गर्दीनं बाकीची रोपं तुडवली, एकच माझ्या हनुवटीखाली वाचलं. कुणी नाकाला कांदा लावला. तेवढ्यात पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दयारामभाऊ आले.

"मॅडम, काऊन पडून राह्यल्या?"

"उठली तं तुम्ही फवारसान."

"ह्या तणापायी?"

मी पडल्या पडल्याच सांगितलं, हे तण जगात कुणाला माहीत नाही, याला अजून नावसुद्धा नाही. ते पंप उतरवून शेजारी बसले. हळूच म्हणाले, "मंग माह्या जनकाचं लावता का? लय उपटलं हे तिनं जन्मभर."

जनकावहिनींना जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. मी हो म्हटलं, आणि उठताना मला खरोखरच चक्कर आली. (सकाळपासून उपाशी होते.) टेम्पोचं कारण एवढंच. दवाखान्यात सलाईन लागलं, आता बरी आहे. राखीला आशीर्वाद.

तुमची भाची,
पुष्पांजली

ता. क. मामा, आल्या आल्या आपल्या वावरात तणनाशक मारू नका. धुऱ्याच्या तुमच्या बाजूला तेच तण खुशाल सतरंजीसारखं पसरलं आहे. मला काल दिसलं.

ता. क. दुसरा : हे दयारामभाऊंना मात्र कळू देऊ नका. ते रोज सकाळी त्यांच्या त्या एकुलत्या रोपाला तांब्याभर पाणी घालतात, आणि घरच्या गोष्टी सांगत बसतात.