सासऱ्यांच्या खड्ड्यावर

४ मार्च
नापास! आणि नापास करणारा कोण, तर माझा सख्खा सासरा.

लाल, दोन सीटची, छत मागे दुमडणारी गाडी. मूळ इंजिन फुटलेलं होतं म्हणून भंगाराच्या भावात मिळाली. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि सुटीचा दिवस हिच्या पायाशी घालवायचा, असं दीड वर्ष चाललंय. सोबत पक्कड. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. गॅरेज त्याचं, घाम दोघांचा. अपघातात चेपलेल्या एका साध्या घरगुती गाडीचं मोठं इंजिन काढून आम्ही हिच्यात बसवलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा पक्कड लहान मुलासारखा रडला होता.

आता इंजिन बदललं की धुराची तपासणी. ती पास झाली तरच गाडी रस्त्यावर. आणि बदललेल्या इंजिनांची तपासणी या सगळ्या भागात एकच माणूस करतो — बायकोचे वडील. मला वाटलं, घरचंच माणूस आहे. कसलं घरचं!

"गाडीमालक, रेषेच्या मागे उभे राहा." मला म्हणाले! घरी गेलो की ज्या जावयाला चहाचा पहिला कप देतात, त्याला! मग गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरले, बॅटरी घेऊन गाडीचं पोट अर्धा तास बघितलं, आणि वर येऊन शिक्का मारला. कारण काय? पेट्रोलची वाफ परत इंजिनात नेणारी नळी नाही. ज्या गाडीचं इंजिन आणलं, तिचं धूर-वाफ आवरणारं सगळं सामानही सोबत आलं पाहिजे म्हणे. बोटभर नळी!

५ मार्च
बायको म्हणते, बाबा तसेच आहेत, दादाची स्कूटरसुद्धा त्यांनी दोनदा परत पाठवली होती. यात मी खूश व्हायचं की काय, कळलं नाही.

११ मार्च
नळी बसवून गेलो. पुन्हा नापास!

किल्ली फिरवली की इंजिनचा दिवा एकदा लागून विझायला हवा. आमचा लागतच नाही. पक्कडने त्याची वायरच जोडलेली नाही — का, तर सारखा डोळे वटारत होता! हे मला तिथे, सगळ्यांसमोर कळलं. तरी मी त्याची बाजू घेतली. म्हटलं, दिवा लागत नाही म्हणजे बिघाड नाही.

सासरे मान वर न करता म्हणाले, "रोग्याचं तोंड बांधलं म्हणजे दुखणं थांबलं, असं होत नाही."

रांगेतले सगळे हसले. एक टेम्पोवाला तर माझ्याकडे बोट दाखवून हसला. अंगाचा तिळपापड झाला. परत येताना सिग्नलला गाडी बंद पडली ती वेगळीच.

१३ मार्च
त्यांच्या साहेबांना भेटलो. गाडी दुसऱ्या कुणाकडून तपासून द्या म्हटलं. साहेबांना आधी खरंच वाटेना. "सासरे असताना दुसरा कशाला?" म्हणाले, आणि डोळा मारला. त्यांना वाटलं मी नाटक करतोय. जगात सगळ्यांचे सासरे उपयोगी पडतात, माझेच तेवढे राजा हरिश्चंद्र!

१६ मार्च
सासरी जेवायला जावं लागलं. जायचं नव्हतं. सासूबाईंसाठी गेलो.

गाडीचं नाव कुणी काढत नव्हतं. मेव्हणा हवापाण्याच्या गप्पा मारत होता. सासरे मला आग्रह करकरून वाढत होते, जणू काही झालंच नाही. तेच मला जास्त लागलं. शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, तुमच्या जागी दुसरा असता तर एव्हाना झालं असतं.

ते म्हणाले, असतं. मग विचारलं की लिफ्टचा दोर झिजलाय आणि गिऱ्हाईक म्हणतंय तेल घाला आणि चालू द्या, तर मी काय करतो. म्हटलं, लिफ्टमधून माणसं जातात. गाडीतून फक्त धूर जातो.

"तोही माणसांतच जातो," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

तो भात मी ताटातच ठेवून उठलो.

२० मार्च
नळी आहे. दिवा लागतो, विझतो. कागद सगळे जिथल्या तिथे. आणि नळकांड्यातला धूर मर्यादेच्या वर!

धूर साफ करणारा डबा — कन्व्हर्टर — मेलाय. चेपलेल्या गाडीबरोबर आलेला, आतून फुटका. नवा मागवला तर यायला तीन महिने. आणि इंजिन बदलायची परवानगी संपते या महिन्याच्या शेवटी. ती संपली की गाडीचा नंबर रद्द. मग ती फक्त भंगारात जाऊ शकते.

मी तिथेच ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. सासरे ऐकत उभे राहिले, टोपण लावून पेन खिशात ठेवलं, आणि पुढच्या गाडीला हात केला. निदान उलट बोलायचं तरी! भिंतीशी भांडल्यासारखं झालं.

घरी येऊन तो राग बायकोवर काढला. "तुझा बाप" असं म्हणालो. लग्नाला सात वर्षं झाली, असं कधी म्हणालो नव्हतो. तिने ताट तसंच सरकवलं. म्हणाली, तुम्ही दोघं काय ते बघा, मला मध्ये घेऊ नका.

बरं, नाही घेत.

२३ मार्च
पक्कडकडे एक उपाय आहे. बरा नाही. पण आहे.

२६ मार्च
त्याच्या गॅरेजात एक राखाडी गाडी रंगाला आलीये. आमच्या इंजिनाचीच. मालक बाहेरगावी. तिचा कन्व्हर्टर काढून आमच्या गाडीला लावला. उद्या तपासणी झाली की परत तिचा तिला. पक्कड म्हणतो, पाहुणा आहे, एक दिवस राहून जाईल.

२७ मार्च
पास!!

धूर इतका स्वच्छ की मशीनवाला पोरगा दोनदा आकडा बघायला गेला. मग सासरे खड्ड्यात उतरले. खूप वेळ वर आले नाहीत. मी वाकून पाहिलं, तर बॅटरी त्या डब्यावर धरलेली आणि अंगठ्याने त्याच्यावरची काजळी पुसत होते. मी गपकन रेषेच्या मागे सरकलो.

वर आले. हात पुसले. डबा नवा आणला का, विचारलं. म्हटलं, नवा नाही, पण चांगला मिळाला.

"गाडीलाच राहणार ना?"

डोळ्याला डोळा देऊन म्हणालो, हो.

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग सही केली. शिक्का पहिल्यांदा वाकडा बसला, पुन्हा मारला. वय झालं, दुसरं काय. कागद देताना म्हणाले, सावकाश चालवा.

गंडवलं म्हाताऱ्याला! महिनाभर मला नाचवत होते, शेवटी आले ना वठणीवर! छत उघडं टाकून नदीपलीकडच्या रस्त्याने लांबून घरी आलो. काय पळते! संध्याकाळी डबा राखाडी गाडीला परत लावला. बायकोला कागद दाखवला, तर तिने वाचून, घडी घालून दिला परत. आनंद नाही, काही नाही. बापावरच गेलीये.

२८ मार्च
सासूबाईंचा फोन आला. सासरे सकाळी आधी साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं, काल मी एक गाडी खोटी पास केली, माझ्या जावयाची. त्यांना निलंबित केलंय. माझा कागदही रद्द. डबा त्यांनी काजळी पुसताच ओळखला होता. तपासलेल्या डब्यावर ते खूण म्हणून लावतात तो त्यांच्याच हातचा रंगाचा ठिपका त्याच्यावर होता, त्या राखाडी गाडीच्या तपासणीचा.

बायको दारात चपला घालत होती. माहेरी निघाली होती. मी विचारलं, त्यांना माहीत होतं तर सही केलीच कशाला?

"मी मागितली होती," ती म्हणाली. "आजवर कधी काही मागितलं नव्हतं त्यांच्याकडे."