खडकदरीची ऑर्डर नाकारणारी बाई

मी, शिवलिंग सोमेश्वर शेटे, वय ६४, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार परळी वैजनाथ, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायको म्हणते, त्याच्या तीन प्रती काढून ठेवा, वेळोवेळी लागतील.

कलम १. पत्नी सौ. गंगासागर आणि मुलगी स्वप्नाली या दोघी माझ्या वारस आहेत. गंगासागर जिल्हा परिषदेच्या खडकदरी शाळेची मुख्याध्यापिका असून येत्या ३१ मे रोजी निवृत्त होते आहे. अर्धी परळी तिला बाई म्हणते. मीही म्हणतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्वप्नालीने करावी.

कलम २. परळीतले राहते घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते एकट्या गंगासागरच्या नावे व्हावे. स्वप्नालीला विचारूनच हे लिहिले आहे. घरातल्या भांड्यांवर कुठे माझ्या आईचे नाव आहे, कुठे माझे. गावाची नावे घालण्यात माझी हयात गेली आणि बायकोचे नाव घरातल्या एका वाटीवरही नाही, हे मला हा कागद लिहायला बसल्यावर कळले.

कलम ३. दुकान आणि भांड्यांवर नाव घालायचे मशीन पुतण्या वीरेशला द्यावे. मशीन चांगले आहे, हात कच्चा आहे. त्याचा 'ज्ञ' पाहून ज्ञानोबा नावाची गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानात जातात. रोज अर्धा तास जुन्या पत्र्यावर सराव करावा.

कलम ४. शेजारचे कापड दुकानदार पंडित यांनी मला वीस वर्षे भर बाजारात 'बाईचा नवरा' अशी हाक मारली. त्यांना एक पितळी तांब्या द्यावा. त्यावर 'बाईचा नवरा यांजकडून सप्रेम भेट' असे मी स्वतः घालून ठेवले आहे. पूर्वी त्या हाकेने माझी तळपायाची आग मस्तकात जायची. आता नाही जात.

कलम ५. या कलमात द्यायचे काही नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. अंबाजोगाईला डी.एड. करून गंगासागर १९९० साली एका तांड्यावरच्या शाळेत लागली. शाळेला खोली नव्हती, मंदिराच्या ओट्यावर वर्ग भरायचा. पोरांना मराठी येत नव्हती, म्हणून आधी हीच त्यांची बोली शिकली. घरी येऊन माझ्याशी त्या बोलीत बोलायची आणि मी नुसता बघत बसायचो. पंचवीस वर्षे शिक्षिका राहून २०१५ साली ती मुख्याध्यापिका म्हणून खडकदरीला गेली. सातवीपर्यंतची शाळा तोवर पाचवीवर आली होती. पटावर एकतीस मुले. दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक भरू लागला की ही ट्रकपुढे स्कूटी आडवी लावून उभी राहायची. म्हणायची, "आईबापांनी जा. लेकरं आजीपाशी ठेवा, त्यांच्या संध्याकाळच्या जेवणाचं मी बघते." ते जेवण ज्या पातेल्यांत शिजले ती माझ्या दुकानातली, मला न विचारता नेलेली. चार वर्षांत सहावी-सातवी पुन्हा सुरू झाली. आज पट एकशे बारा आहे. रविवारी तिला करमत नाही. सोमवारी ती अशी उठते, जसा मी लग्नसराईत उठतो. आपल्या कामावर एवढा जीव टाकणारे दुसरे माणूस मी पाहिले नाही, आणि त्या माणसाशी माझे लग्न झाले याचा मला अभिमान आहे.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर हे कलम सर्वांत आधी गंगासागरला वाचून दाखवावे.

खडकदरीसाठी मुख्याध्यापकपदाची ऑर्डर आधी २००९ साली निघाली होती. ती एका बाईंच्या नावे होती आणि त्या बाईंनी लेखी नकार दिला. पुढची सहा वर्षे शाळेला मुख्याध्यापक मिळाला नाही आणि वरचे दोन वर्ग बंद पडले. गावकऱ्यांकडून हे ऐकल्यापासून गंगासागरचा त्या बाईवर राग आहे. जेवताना विषय निघाला की म्हणते, "ऑर्डर हातात येऊन नको म्हणाली! कोण असेल हो ती? समोर आली तर तोंड बघणार नाही मी तिचं." मी खाली मान घालून जेवतो.

ती ऑर्डर गंगासागरचीच होती. ती तेव्हा आईच्या आजारपणात माहेरी गेली होती. ऑर्डर मी घेतली, नकाराचा अर्ज मी लिहिला आणि तिची सही मी केली. हजारो नावे घातलेला हात. सही तिच्यापेक्षा सुबक आली. तिला सांगितले की बढतीच्या यादीत नाव आले नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. खडकदरीला तेव्हा धड रस्ता नव्हता, तिला मुक्कामी राहावे लागले असते. दुकानाचा व्याप, माझ्या आईचे म्हातारपण आणि स्वप्नालीची शाळा, अशी माझी कारणे होती.

पुढील मजकूर नंतर जोडला आहे. १२ जानेवारीला मी हा कागद साक्षीदार म्हणून निवृत्त केंद्रप्रमुख मोहनराव यांच्यापुढे ठेवला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण मास्तर माणूस, हातात कागद आला की वाचणारच. वाचून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"शेटजी, मी सही करणार न्हाई. तुमी गेल्यावर सांगणार व्हय? तवर बाईनं सोताच्याच नावानं बोटं मोडत बसायचं? आदी सांगा, मग कागद आणा."

त्याच संध्याकाळी मी कलम ६ तिला वाचून दाखवले. ती शिष्यवृत्तीचे पेपर तपासत होती. हातातला लाल पेन थांबला. मग तिने उरलेले पेपर तपासले. तिसऱ्या दिवशी शाळेला निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मला सांगून भागणार नाही. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला या. ज्यांची शाळा बुडाली त्यांना सांगा."

आज मी आलो. झेंडावंदन झाल्यावर गाव बसलेले होते, त्यांच्यापुढे मी कलम ६ मोठ्याने वाचले. मग शाळेत खिचडी शिजवणारी ईश्वरी उठली. ती २०१२ साली याच शाळेतून पाचवी पास झाली आणि पुढे वर्ग नाही म्हणून घरी बसली. लग्न होऊन गावातच राहिली.

"कावून केलं हो तुमी असं?"

मी दुकान, आई, स्वप्नाली सांगू लागलो.

"त्ये ऐकलं आमी. खरं सांगा."

खरे सांगायला मला सतरा वर्षे लागली होती, आणखी एक मिनिट लागले. "बाई मुक्कामी गेली असती तर मला रात्रीची गरम भाकरी मिळाली नसती."

"तेवड्यासाठी?"

"तेवढ्यासाठी."

ती रडली नाही. मला रडू आले. कलम ६ मधली तिन्ही कारणे मी तिथेच रेघ मारून खोडली आणि वर 'गरम भाकरी' असे लिहिले. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. ती बाई गंगासागर नव्हती, मी होतो. यापुढे कुणाला बोल लावायचा असेल तर मला लावावा.

मोहनरावांनी सही केली. दुसरा साक्षीदार म्हणून मी वीरेशला आणले होते. गंगासागर पुढे आली, माझ्या हातातला पेन घेतला आणि ईश्वरीला दिला. ईश्वरी म्हणाली, "आदी वाचते." पहिल्या ओळीपासून तिने सगळा कागद वाचला. जोडाक्षराला अडली की थांबायची, पुन्हा सुरू करायची. गंगासागरने एकदाही शब्द पुरवला नाही. सगळे गाव उन्हात बसून राहिले, ती शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेपर्यंत.

ठिकाण: जिल्हा परिषद शाळा, खडकदरी, जिल्हा बीड
दिनांक: २६ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार: शिवलिंग सोमेश्वर शेटे (सही)

आमच्या समक्ष सही केली म्हणून साक्षीदार:

१. मोहनराव, निवृत्त केंद्रप्रमुख, परळी वैजनाथ (सही)

२. ईश्वरी अंगद, खडकदरी. शिक्षण पाचवी. यंदा दहावीचा बाहेरून फॉर्म भरणार. (सही)